दहा दिवसांत गाडी शिकावी काय?

वस्तीच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या खांबावर, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर हल्ली एक पाटी हमखास दिसते : 'फक्त १० दिवसांत कार शिका, लायसन्ससह.' खाली मोबाईल नंबर आणि स्टिअरिंगचे चित्र. कामावर जाता-येता आपण सगळेच ही पाटी वाचतो. ज्याच्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी रिकामी बसलेली आहे, त्याचे पाऊल तिथे क्षणभर अडखळते. दहा दिवसांचा तर प्रश्न, घालावे का पोराला? असा विचार मनात येतो.

हा विचार वाईट नाही. एस.टी., बेस्ट, महापालिकेच्या गाड्या, खासगी टेम्पो-टॅक्सी चालवून आपल्यातली कितीतरी घरे उभी राहिली, मुले शिकली. आता मुलीही स्टिअरिंग धरू लागल्या आहेत, ही तर फार चांगली गोष्ट आहे. पण झटपट कोर्सला पैसे भरण्यापूर्वी घरातल्या मंडळींनी एक रात्र बसून हिशेब करावा, एवढ्यासाठी हा लेख. आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे हिशेबाची खोड जुनीच. रविवारी सकाळी विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही वर्षे करीत आहोत. त्यात लायसन्सचे अर्ज बरेच असतात. त्या अनुभवातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने मूळ सांगाडा तोच आहे. आधी लर्निंग लायसन्स काढायचे. कारसाठी वय १८ पूर्ण हवे. लर्निंगची परीक्षा म्हणजे रस्त्याच्या खुणा आणि वाहतुकीचे नियम यांवरचे प्रश्न. शंभरात साठ उत्तरे बरोबर आली की पास. आधार कार्ड असेल तर ही परीक्षा परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर घरबसल्याही देता येते.

आता महत्त्वाची गोष्ट. लर्निंग हाती पडल्यावर किमान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देताच येत नाही. लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते. म्हणजे ३० दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत टेस्ट द्यायची. त्यात आरटीओची तारीख मिळायला आणखी काही दिवस लागू शकतात.

वाचकहो, इथेच पाटीवरच्या 'लायसन्ससह' या शब्दाचा फुगा फुटतो. गाडी दहा दिवसांत शिका की पाच दिवसांत, पक्के लायसन्स महिन्याच्या आत मिळणार नाही. कोर्स लवकर संपवला म्हणून लायसन्स लवकर येत नाही.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ड्रायव्हिंग स्कूलला सरकारी परवाना लागतो आणि त्या स्कूलने किती शिकवावे हेही नियमांत लिहिलेले आहे. खासगी वापराच्या कारसारख्या वाहनासाठी प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी नसावे आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १० पेक्षा कमी नसावेत, असा तो नियम आहे. ट्रान्सपोर्टच्या वाहनांसाठी किमान ३० दिवस आणि १५ तास. प्रत्येक शिकाऊ माणसाने किती तास गाडी चालवली याची नोंदवही स्कूलने ठेवायची असते. ती पाहायला मागा. पैसे तुम्ही भरता, तेव्हा मागण्यात लाज कसली?

दिवस नव्हे, तास मोजा

आता हिशेब करू. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येक गावी फी वेगळी असते.

समजा एका स्कूलचा दहा दिवसांचा कोर्स आहे आणि रोज अर्धा तास गाडी हातात मिळते. दहा गुणिले अर्धा म्हणजे झाले पाच तास. फी ५,००० रुपये धरली तर एका तासाला १,००० रुपये पडले. दुसऱ्या स्कूलचा कोर्स २१ दिवसांचा, रोज अर्धाच तास. तो झाला साडेदहा तासांचा. फी ७,००० रुपये धरली तर तासाला साधारण ६६७ रुपये. वरवर पाहता पहिला कोर्स दोन हजारांनी स्वस्त, पण तासांच्या भावाने तोच महाग. शिवाय त्यात कायद्याने सांगितलेल्या तासांचे निम्मेच तास मिळतात.

यातही एक मेख असते. एकाच गाडीत तीन शिकाऊ बसवतात. एक चालवतो, दोघे मागे बसून बघतात आणि तो सगळा वेळ 'ट्रेनिंग'मध्ये धरतात. दुसऱ्याचे बघून थोडे शिकता येते हे खरे, पण ते चालवणे नव्हे. म्हणून विचारायचा प्रश्न एकच : "माझ्या मुलाच्या हातात स्टिअरिंग एकूण किती तास राहणार?" उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

भिशीचे पैसे आणि टेम्पोची नोकरी

गेल्या वर्षी एक माउली असाच कागद घेऊन विहारात आल्या. धुणीभांडी करणाऱ्या. मुलगा तेवीस वर्षांचा, मोटारसायकलवरून पार्सले पोचवण्याचे काम करणारा. एका टेम्पोवाल्याने त्याला सांगितले होते, "पंधरा दिवसांत लायसन्स आण, गाडी तुझ्या हातात देतो." पगार पार्सलच्या कामापेक्षा बरा होता. त्या महिन्याची भिशी त्यांनाच लागली होती आणि ते सगळे पैसे झटपट कोर्सला भरायचे, असे घरात ठरत आले होते.

मुलाचे म्हणणे होते, "नोकरी हातची जाईल. दहा दिवसांचाच कोर्स घेतो." वडिलांचे म्हणणे, "भिशीचे पैसे धाकटीच्या फीसाठी ठेवा." आईला दोघांचेही पटत होते. त्या आम्हांला म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच सांगा."

आम्ही कोणाच्या घरचा निकाल देत नाही. कागद काढला आणि तारखा मांडल्या. मुलाकडे मोटारसायकलचे लायसन्स होते, कारचे नव्हते. त्यासाठी लर्निंग काढायचे म्हणजे पुढे तीस दिवस थांबणे आले. पंधरा दिवसांत टेम्पोचे लायसन्स कोणताही कोर्स मिळवून देऊ शकत नव्हता. जी नोकरी वाचवण्यासाठी घाई चालली होती ती घाई करूनही वाचणार नव्हती, ही गोष्ट कागदावर दिसल्यावर घरातला वाद थांबला.

मुलाने टेम्पोवाल्याला जाऊन खरे ते सांगितले. तो थांबला नाही, जागा दुसऱ्याला दिली. घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. पण मुलाने नाद सोडला नाही. कामावर जाण्याआधी सकाळी साडेसहाची बॅच धरली, पूर्ण कोर्स केला. भिशीतले अर्धे पैसे कोर्सला लागले, अर्धे बहिणीच्या फीला राहिले. पहिल्या टेस्टमध्ये चढावर गाडी मागे घरंगळली आणि तो नापास झाला. सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. दुसऱ्या वेळी तो पास झाला. आज तो दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा छोटा टेम्पो चालवतो.

इथे एक माहिती अनेकांच्या उपयोगी पडेल. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्या माणसाला ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळ्या ट्रान्सपोर्ट नोंदीची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेव्हा छोट्या टेम्पोसाठी दोन-दोन लायसन्सांचा खर्च कोणी सांगत असेल तर आधी चौकशी करावी. रिक्षा-टॅक्सीसाठी मात्र बॅज लागतो, तो विषय वेगळा.

हात बसणे म्हणजे काय?

आमच्या पिढीतले कारकून टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाले. रोज एक तास, सहा महिने. घाईच्या माणसाला वाटे, रोज चार तास बसलो तर दीड महिन्यात काम होईल. मास्तर बसू देत नसत. ते का, याचे उत्तर पुढे एका अभ्यासाच्या रूपाने वाचायला मिळाले. ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन या दोन संशोधकांनी त्यांचे गट पाडले. कोणाला दिवसाला एकच तास, कोणाला दोन, कोणाला दोनदा दोन तास. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला एकच तास बसणाऱ्यांना शिकायला एकूण तास कमी लागले. मौज अशी की, नाखूश असणारेही तेच होते. त्यांचे दिवस जास्त लागत होते, म्हणून आपण मागे पडलो असे त्यांना वाटे.

गाडीचेही असेच आहे. क्लच सोडता सोडता अॅक्सिलरेटर दाबणे, आरशात बघणे, गिअर टाकणे आणि समोरून अचानक आलेल्या सायकलवाल्यासाठी ब्रेक मारणे, ही चार कामे डोक्याने नव्हे, हातापायांनी करायची असतात. हातापायांना मध्ये रात्रीची झोप लागते, दुसऱ्या दिवशीची उजळणी लागते. आज चुकलेला गिअर उद्या बरोबर पडतो तो त्या मधल्या वेळामुळे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्कूलच्या गाडीत उस्तादाच्या पायाखालीही ब्रेक असतो. नियमानेच तो असावा लागतो आणि ते योग्यच आहे. पण दहा दिवसांत उरकायचे असेल तर बरेचदा गाडी उस्तादाच्या पायावर चालते आणि शिकणाऱ्याला वाटते, मला आली. शेवटच्या तीन-चार दिवसांत उस्तादाला स्पष्ट सांगावे, "साहेब, आता पाय काढून बसा. चुकलो तर सांगा." त्या दिवशी खरे काय ते कळते.

हे सगळे कशासाठी, तर २०२२ साली आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्र सरकारच्या अहवालात नमूद आहे. या माणसांमागे घरे होती. अर्ध्या शिकलेल्या हाताने चालवलेली गाडी आपल्याच वस्तीतल्या लेकरासमोर येऊ शकते.

मग झटपट कोर्स कोणासाठीच नाही काय?

असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येकाच्या घरची गरज वेगळी. एका शाळेत शिपाई असलेल्या आमच्या ओळखीच्या ताईंचे उदाहरण सांगतो. यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागे. रिक्षाचे भाडे, रात्री परतताना होणारी वणवण. दिराची जुनी कार दारात उभी होती, पण दीर कामानिमित्त परगावी. ताईंना शाळेच्या दिवसांत सकाळी वेळ नसे, दिवाळीच्या सुटीत मात्र होता.

त्यांनी स्कूलमध्ये नाव २१ दिवसांच्या कोर्सलाच घातले, पण उस्तादाशी बोलून वेळ आपल्या सोयीने मांडून घेतला. सुटीत दहा दिवस, रोज पाऊण तास, आणि उरलेले तास पुढच्या रविवारी. मधल्या दिवसांत संध्याकाळी भाऊ शेजारी बसे आणि दिराच्या कारवर मोकळ्या रस्त्यावर सराव चाले. भावाकडे पक्के लायसन्स होते. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावलेला होता. लर्निंगवर सराव करायचा तर पक्के लायसन्सवाला शेजारी आणि 'एल'ची पाटी या दोन्ही गोष्टी कायद्याने लागतात. त्या पाळल्या नाहीत आणि काही झाले तर विम्याचीही अडचण होऊ शकते.

सासूबाईंनी सुरुवातीला कुरकुर केली. "बाईमाणसाने या वयात कशाला?" पहिल्यांदा ताईंनी यजमानांना स्वतः दवाखान्यात नेऊन आणले, त्या संध्याकाळी सासूबाईंनीच शेजारणीला बोलावून सांगितले, "आमच्या सूनबाईंनी नेलं हो."

ताईंना जमले, कारण सलग दिवस घेतले तरी त्यांनी तास कमी केले नाहीत आणि नंतरचा सराव सोडला नाही. ज्याच्या घरी सरावाला गाडी नाही, शेजारी बसायला कोणी नाही, त्याने दहा दिवसांत कोर्स उरकला तर पुढचे वीस दिवस हात रिकामा राहतो आणि टेस्टच्या दिवशी पाय क्लचवर थरथरतो.

तारखांचे गणित असे मांडा

महिन्याच्या १ तारखेला लर्निंग काढले असे धरा. पहिला आठवडा खुणा, नियम आणि गाडीची माहिती वाचण्यात घालवा. ८ तारखेपासून २१ दिवसांचा कोर्स सुरू करा. तो २८ तारखेला संपेल. दोन-तीन दिवसांत तीस दिवस पूर्ण होतात आणि हात गरम असतानाच टेस्ट देता येते. म्हणजे पूर्ण कोर्स करूनही झटपटवाल्यापेक्षा एक दिवसही उशीर होत नाही. आणि सुटीमुळे सलगच शिकायचे असेल तर ते दिवस टेस्टच्या तारखेला लागून घ्या, लर्निंगच्या तारखेला लागून नव्हे.

टेस्टमध्ये गाडी मागे घेणे, चढावर थांबवून मागे न घरंगळता पुन्हा पुढे काढणे या गोष्टी बघतात. कोर्समध्ये त्या किती वेळा करून घेणार हे आधीच विचारा. नुसते सरळ रस्त्यावर फिरवून आणणे म्हणजे शिकवणे नव्हे. तीनदा नापास झाल्यास पुढच्या टेस्टसाठी ६० दिवस थांबावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

२०२१ पासून आणखी एक मार्ग खुला झाला आहे. सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रात हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम असतो, त्यात ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रत्यक्षातले. तो चार आठवड्यांत पूर्ण करून तिथली परीक्षा पास झाल्यास आरटीओत पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही. असे केंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे काय, आणि फी किती, याची चौकशी आरटीओत करावी. अनुसूचित जातीच्या बेरोजगार मुलामुलींनी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही जावे आणि सध्या ड्रायव्हिंगचे प्रशिक्षण चालू आहे काय, गाडीसाठी बीजभांडवल मिळेल काय, हे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

शेवटचा इशारा त्या एजंटांबद्दल, जे म्हणतात, "शिकायची गरज नाही, टेस्टचे आम्ही बघून घेतो." असे लायसन्स पाकिटात असले तरी घाटाच्या वळणावर ते कामाला येत नाही. आणि लायसन्सशिवाय गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे.

म्हणून आई-बापांना आमची विनंती आहे. मुलगा असो वा मुलगी, ड्रायव्हिंग जरूर शिकवा. पण नाव घालण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा : लायसन्स खरोखर कोणत्या तारखेला मिळू शकते, हातात स्टिअरिंग एकूण किती तास राहणार आणि कोर्स संपल्यावर सरावाला गाडी कोणाची. तिन्हींची उत्तरे मिळाली की कोर्स दहा दिवसांचा की एकवीस, हे कोणाला विचारावे लागणार नाही. आणि कष्टाने साठवलेला पैसा पाटी बघून नव्हे, हिशेब बघून खर्च होईल.